पहिलीचे गणित आणि बाईंचा पदर

तेरीज जुळत नाही तेव्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक जुना तोडगा शिकविला जातो. दोन्ही बाजूंच्या बेरजांतील फरकाला ९ ने भागून पाहावे. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव फार. ५३ च्या जागी ३५ लिहिले की फरक १८. ७२ च्या जागी २७ लिहिले की फरक ४५. कारण साधे आहे. दशकाचा अंक एककाच्या घरात गेला की त्याची किंमत दहापटीवरून एकपटीवर येते आणि एककाचा अंक उलट दिशेने चढतो. दहा आणि एक यांतील अंतर नऊ. म्हणून फरक नेहमी नवाच्या पटीतच पडतो.

गेल्या वर्षी माझ्या तेरजेत असाच १८ रुपयांचा फरक आला. बराच वेळ शोधल्यावर सापडले, की कीर्दीतले त्रेपन्न खतावणीत पस्तीस होऊन बसले होते. मी तोंडाने 'त्रेपन्न' पुटपुटत लिहीत होते. तोंडातून 'त्रे' आधी निघाले आणि हाताने ३ आधी लिहून टाकला. माझी थोरली बहीण एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकविते. ती शेजारीच वह्या तपासत बसली होती. तिला हसू येईल असे वाटले होते, पण ती म्हणाली, “अगं, माझ्या वर्गातली पोरं रोज हेच करतात. ती सहाव्या वर्षी करतात, तू विसाव्या वर्षी करतेस, एवढाच फरक.”

ही चूक येते कुठून, ती हाताने कशी दुरुस्त होते आणि ती दुरुस्त करणाऱ्या बाईंचा पोशाख कसा असावा, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंच्या पंगतीत बसत नाही असे वाचकांस वाटेल. तो कसा बसतो हे पुढे यथावकाश येईलच.

नावात काय दडले आहे?

आमच्या गौलीगुड्यातील एखादे मराठी मूल सकाळपासून रात्रीपर्यंत किती भाषांत आकडे ऐकते ते पाहा. घरात 'त्रेपन्न', गल्लीत दखनी बोलणाऱ्या दुकानदाराकडून 'तिरपन', शेजारच्या तेलुगू मावशींकडून 'याभै मूडु' आणि शाळेत इंग्रजीच्या तासाला 'फिफ्टी थ्री'. माझे आजोळ बीदरचे असल्याने मला त्यात अज्जीचे 'ऐवत्तमूरु' हेही मिळाले.

आता ही पाच नावे शेजारी शेजारी ठेवा. तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी ही नावे आधी पन्नास सांगतात व मग तीन सांगतात. म्हणजे आकडा ज्या क्रमाने लिहितो त्याच क्रमाने. मराठी आणि उर्दू आधी तीन सांगतात, मग पन्नास. मराठी मुलाने कानाला ऐकू आले तसे इमानाने लिहिले, तर ते ३५ च लिहिणार. त्याने ऐकले बरोबर, लिहिले मात्र उलटे. आणि मार खाल्ला तो 'लक्ष नाही' म्हणून.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. कन्नडमध्ये विसाच्या पुढे शब्द जवळजवळ जसेच्या तसे जोडले जातात. इप्पत्तु आणि ओंदु मिळून इप्पत्तोंदु, मूवत्तु आणि ऐदु मिळून मूवत्तैदु. दशकांची नावे आणि एक ते नऊ पाठ असले की बाकीचे मूल स्वतः घडवू शकते. मराठीत तसे नाही. एकट्या 'दोन'ची रूपे मोजा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यांत 'दोन' हा शब्द कुठेही उघड दिसत नाही. पन्नासाचे कधी 'वन्न' होते, कधी 'पन्न'. सत्तराचे 'हत्तर' होते. शिवाय ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, नव्व्याण्णव अशी जोडाक्षरे आहेतच. शंभरपर्यंतची बहुतेक नावे मराठी मुलाला सुटी सुटी पाठ करावी लागतात.

त्यात आणखी 'एकोण'ची गंमत. कन्नड मूल हत्तोंबत्तु म्हणजे 'दहा-नऊ' म्हणते. आपण एकोणीस, म्हणजे 'विसाला एक उणा' म्हणतो. एकोणतीस ऐकल्यावर मुलाच्या कानात 'तीस' राहते आणि ते ३९ लिहिते. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. व्यापाऱ्याच्या तोंडी हिशेबाला हा 'एकोण' फार उपयोगी आहे. २९ रुपये दराच्या चार वस्तूंची किंमत काढताना तीस चोक वीसाशे, उणे चार, म्हणजे ११६ हे उत्तर त्या शब्दातच अर्धे तयार असते. परंतु ही सोय मोठ्यांची आहे. सहा वर्षांच्या मुलाला वजाबाकी यायच्या आधीच वजाबाकीचे नाव घोकावे लागते.

नावे बदलावीत काय?

हा प्रश्न आपल्याकडेच पडला असे नाही. जर्मन भाषेत आजही चोविसाला 'चार आणि वीस' या क्रमानेच म्हणतात. नॉर्वेमध्येही तशीच रीत होती. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा १९५१ साली तेथे अधिकृतपणे क्रम बदलून आधी दशक व मग एकक असा केला गेला. तरी जुनी रीत अनेक घरांत पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत टीका झाली आणि विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे ओझे मुलांवरून थोडे कमी करावे, असा त्यामागचा विचार मांडला. नारळीकरबाई २०२३ साली निवर्तल्या. मुलांसाठी सोप्या भाषेत गणित लिहिणाऱ्या विदुषीला वयाच्या उत्तरार्धात या वादाला तोंड द्यावे लागले, याचे वाईट वाटते.

माझे मत विचाराल तर, नावे बदलल्याने प्रश्न निम्माच सुटतो. सरळ क्रमाच्या भाषांतही मुले चुकतात, फक्त चूक वेगळी असते. 'ऐवत्तमूरु' किंवा 'फिफ्टी थ्री' ऐकून कित्येक मुले ५०३ लिहितात: आधी पन्नास लिहिले, पुढे तीन लिहिला. त्यांनीही इमानाने ऐकले तेच लिहिले! तेव्हा मराठी विभागाच्या वाचकांनी मनाला फार लावून घेऊ नये आणि कन्नड विभागाच्या वाचकांनी फार खूश होऊ नये. दोन्हीकडे उणीव एकच आहे. पाच या अंकाच्या पोटात पन्नास वस्तू आहेत हे मुलाने कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही, हातांनी उचललेले नाही.

हातचा म्हणजे हातातला

बेरजेत दहा झाले की पुढच्या घरात जो एक न्यावयाचा, त्याला आपल्या मराठीत किती सुंदर शब्द आहे: 'हातचा'. हातातला, हाताशी असलेला. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या हातात तो खरोखर आला होता? आम्ही तो डोक्यावर बारीक अक्षरात लिहिला आणि बाईंनी सांगितले म्हणून मिळविला.

ताईच्या वर्गात हातचा हातात येतो. तिची सामग्री अगदी साधी आहे. खराट्याच्या सारख्या लांबीच्या काड्या, बेगम बाजारातून आणलेले रबर, डबाभर चिंचोके आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले आकड्यांचे पत्ते. पाठ असा चालतो.

आरंभी दोन-दोन मुलांत मूठ-मूठ चिंचोके वाटले जातात. आधी अंदाज सांगावयाचा, मग मोजावयाचे. सुटे मोजताना मुले मध्येच विसरतात, भांडतात, पुन्हा मोजतात. दोन दिवसांनी एखादे मूल आपणच दहा-दहांचे ढीग करू लागते. बाईंनी येथे घाई करू नये. दहांचा गट ही युक्ती आहे, आणि युक्तीची गरज आधी पटावी लागते.

मग काड्या येतात. दहा काड्या झाल्या की रबर लावून जुडी बांधावयाची. कोथिंबिरीची जुडी मुलांनी पाहिलेली असते, त्यामुळे शब्द समजावून सांगावा लागत नाही. चटईवर खडूने उभी रेघ ओढलेली असते. मुलाच्या डाव्या हाताला जुड्या, उजव्या हाताला सुट्या काड्या. 'पाच जुड्या, तीन सुट्या' असे मूल म्हणते आणि मगच बाई सांगतात, “याला आपण त्रेपन्न म्हणतो.” नाव वस्तूच्या मागून येते. त्यामुळे ते उलटे असले तरी जुड्या डावीकडेच राहतात.

त्यानंतर पत्ते. ५० चा पत्ता लांब असतो आणि ३ चा आखूड. ३ चा पत्ता ५० मधल्या शून्यावर ठेवला की ५३ दिसते. उचलला की खालचे शून्य पुन्हा दिसते. ५०३ लिहिणाऱ्या मुलाला ते शून्य गेले कुठे याचे उत्तर येथे मिळते.

आता २७ आणि १५ यांची बेरीज. सुट्या काड्या सात आणि पाच, बारा झाल्या. दहांची जुडी बांधावी लागली. ती उजवीकडे ठेवता येत नाही, डावीकडे न्यावयाची. पण नेण्याआधी क्षणभर ती मुलाच्या हातात असते. “हा तुझा हातचा,” असे बाई म्हणतात. तीन जुड्यांत ती चौथी मिळाली, दोन काड्या सुट्या राहिल्या, बेचाळीस. ५३ मधून २८ वजा करताना याच्या उलट. तीन सुट्यांतून आठ जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडावयाची. रबर काढून काड्या मोकळ्या केल्या की चार जुड्या आणि तेरा सुट्या झाल्या. आठ गेल्या, पाच उरल्या. दोन जुड्या गेल्या, दोन उरल्या. उत्तर पंचवीस. 'उसना घेतला' म्हणताना कोणाकडून आणि किती घेतला हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

यापुढची पायरी नाण्यांची. एक दहाचे नाणे आणि एक रुपयाची दहा नाणी यांची किंमत सारखी, परंतु नाण्याकडे पाहून त्यात दहा रुपये दिसत नाहीत. ते मानावे लागतात. जुडीत दहा काड्या दिसतात. म्हणून क्रम असा असावा: आधी जुडी, मग नाणी-नोटा आणि शेवटी पाटीवरचे अंक. कोटीच्या बँकांत शंभर नोटांची गड्डी न मोजता पुढे सरकविणारा रोखपाल हीच शिडी चढून तेथे पोहोचलेला असतो.

मूल शिकले की नाही हे पाहण्यास एकच प्रश्न पुरेसा आहे. ५३ लिहून त्यातल्या ५ वर बोट ठेवावे आणि विचारावे, “एवढ्या काड्या दाखव.” पाच काड्या उचलणारे मूल अजून वाटेत आहे. पाच जुड्या उचलणाऱ्या मुलाच्या बाबतीत काड्यांचे काम संपले. त्याला पुढे जाऊ द्यावे.

यात चुकाही होतात. बाई स्वतःच जुड्या बांधतात आणि मुले नुसती पाहत बसतात, ही एक. साहित्य कपाटात कुलपात राहते आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडले जाते, ही दुसरी. आणि काड्यांचा खेळ एकीकडे, वहीतले गणित दुसरीकडे, दोहोंची गाठच पडत नाही, ही तिसरी आणि सर्वांत मोठी.

ही वाट जुनी आहे

हाताने गणित शिकविण्याची ही कल्पना आज निघालेली नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले. पुढे त्यांच्या पद्धतीत सोनेरी मण्यांचे साहित्य आले: एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन. हजार किती मोठे असतात ते मूल तो घन हातात घेऊन अनुभवते. १९३९ साली माँटेसोरीबाई मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धाच्या काळात भारतातच राहिल्या.

त्यापूर्वीच भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. तेथे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु ताराबाईंना एक प्रश्न टोचत होता. माँटेसोरीचे लाकडी साहित्य महाग. ते शहरातल्या सुखवस्तू मुलांनाच मिळणार. मग गरिबाच्या मुलाने काय करावे? १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सोबतीला होत्या. शिंपले, बिया, खडे, पाने, माती जे भोवताली पडलेले होते त्यातून साहित्य तयार झाले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे येथून दिवस सुरू होई. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. आज देशभर रूढ झालेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे हे कष्ट आहेत. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि हा शब्द गावोगावी पोहोचला. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान काढून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे असे ध्येय ठेवले. ध्येय सरकारी असले तरी त्याची वाट बोर्डीच्या शिंपल्यांवरूनच जाते.

पोशाखाचा प्रश्न

आता तिसरा प्रश्न. वर सांगितलेला पाठ खुर्चीवर बसून घेता येत नाही. जुडी सुटून काड्या बाकाखाली जातात, त्या वाकून काढाव्या लागतात. मुलाच्या डाव्या-उजव्या बाजूस जुड्या ठेवावयाच्या, तर बाईंनी मुलाच्या समोर न बसता शेजारी बसावे लागते. समोर बसले की बाईंची डावी बाजू मुलाची उजवी होते. म्हणजे बाईंना चटईवर मांडी घालून, मुलांच्या रांगेत बसावे लागते आणि तासात वीस वेळा उठावे लागते.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुडता-ओढणी असा पेहराव करावा, शिक्षकांनी सदरा विजारीत खोचावा, जीन्स व टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, असा त्यांचा आशय. आपण त्या राज्यात नाही. पण आपल्याकडच्या खाजगी शाळांचेही असे स्वतःचे नियम असतातच. शिक्षक नीटनेटका असावा याबद्दल दुमत नाही. मुले बाईंकडे दिवसभर पाहतात, पालक दारातून पाहतात. परंतु हे सारे नियम शिक्षक कसा दिसतो याचे आहेत. तो कसे काम करतो याची चौकशी त्यांत क्वचितच असते.

ताईच्या पहिल्या शाळेत कडक इस्त्रीची साडी सक्तीची होती. एके दिवशी ती मुलांत चटईवर बसलेली पाहून तिला बोलावून सांगण्यात आले, “शिक्षिकेने जमिनीवर बसून साडी मळविणे शोभत नाही. खुर्ची कशाला दिली आहे?” त्या महिन्यात ती खुर्चीवर बसली. काड्या डब्यात राहिल्या. वर्गातला एक मुलगा ३५ आणि ५३ यांत गुरफटला होता. त्याचे वडील येऊन म्हणाले, “मराठीत याला गणित जमत नाही. इंग्रजी शाळेत घालतो.” आणि त्यांनी तसे केले. मराठी शाळेचा पट अशा एकेका नावाने कमी होतो. त्या मुलाला इंग्रजीत तरी ५३ उमगले, की तो तेथे ५०३ लिहितो, हे ताईला आजही ठाऊक नाही. ती गोष्ट तिच्या मनातून गेलेली नाही.

दुसऱ्या शाळेत तिने स्वतःच तोड काढली. सुती, धुवट साडी. निऱ्या किंचित वर, पायात येणार नाहीत इतपत. पदर खांद्यावर टाचणीने पक्का आणि कमरेला खोचलेला, कारण मोकळा पदर मुलांच्या हातात येतो आणि वाकले की साऱ्या जुड्या झाडून नेतो. हातात एकेकच बांगडी, कारण बांगड्या वाजल्या की मुलांचे मोजणे चुकते. नखे कापलेली. आणि आईने जुन्या साडीचा शिवून दिलेला, दोन मोठ्या खिशांचा ॲप्रन. एका खिशात रबर व खडू, दुसऱ्यात चिंचोके. सलवार-कुडता चालतो तेथे तो या कामाला अधिकच सोयीचा. मात्र ओढणी मागे बांधलेली हवी. पुरुष शिक्षकाची विजार मांडी घालता येईल इतकी सैल असावी. रंगाबद्दल तर तिचे मत नियमाच्या उलट आहे. लाल काठ, पिवळी फुले मुलांना आवडतात. मुले ती मोजतातही!

डॉक्टर पांढरा कोट घालतो तो रुबाबासाठी नव्हे. डाग लागला तर दिसावा आणि कोट धुवावा म्हणून. सुताराच्या कमरेला हत्यारांची पिशवी असते. प्रत्येक व्यवसायाचा पोशाख त्याच्या कामातून येतो आणि मग लोक त्या पोशाखाला मान देतात. पहिलीच्या शिक्षिकेच्या बाबतीत मात्र आपण आधी मान ठरविला आणि मग काम त्याच्यात कोंबले. अंगणात मुलांना आंघोळ घालणाऱ्या त्या बोर्डीच्या कार्यकर्त्या आज आपल्यापुढे आल्या, तर त्यांच्या ओल्या पदराला आपण काय म्हणणार?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी काही जण पुढे शिक्षक होतील, काही संस्थांचे चालक होतील, आणि बहुतेक जण पालक तर होतीलच. शाळेच्या दारातून आत पाहताना बाई खुर्चीवर दिसल्या नाहीत तर रागावू नका. थोडे खाली पाहा. चटईवर, मुलांच्या घोळक्यात, पदर खोचलेल्या त्या कुठेतरी असतील आणि एखादे मूल मुठीत जुडी घट्ट धरून त्यांना सांगत असेल, “बाई, हा माझा हातचा!”

माझ्या तेरजेतले ते अठरा रुपये मला त्या रात्री सापडले. तेव्हापासून आकडा लिहिताना मी मनात पाच जुड्या आणि तीन काड्या म्हणते. विसाव्या वर्षी का होईना, पण पहिलीचे गणित मला आता येऊ लागले आहे.